बायपासची तारीख पुढची आहे, मग तोवर कॉटवर पडून राहायचं का?

फेब्रुवारीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरी गेले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉट, कॉटवर अण्णा, आणि भोवती भेटायला आलेली पाच-सहा माणसं. अण्णांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर उभं राहून काढलेली. अँजिओग्राफीत तीन नसा बंद निघाल्या आणि बायपास सांगितलं. तारीख मात्र पाच आठवड्यांनंतरची, कारण साखर फार वर होती आणि सरकारी आरोग्य योजनेची मंजुरीही यायची होती. तेव्हापासून अण्णा कॉटवर. पाण्याचा तांब्यासुद्धा सून हातात देत होती. मी त्यांना उठून उभं राहायला सांगितलं, तर मावशी, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदम पुढं आल्या. "डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलंय ओ!"

डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं आणि ते बरोबरही होतं. फक्त 'दगदग करू नका' याचा घरानं लावलेला अर्थ होता 'हलू नका'. मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशननंतर रुग्णाला चालवणं हे माझं रोजचं काम, आणि दरवेळी वाटतं की ही माणसं मला महिनाभर आधी भेटायला हवी होती. ऑपरेशनच्या आधी शरीर तयार करण्याच्या या पद्धतीला प्रीहॅबिलिटेशन म्हणतात, थोडक्यात प्रीहॅब. नाव जड आहे, पण गोष्ट सोलापूरकरांना लगेच कळण्यासारखी आहे.

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. पुढचं पाणी कधी येणार त्याच्या हिशोबानं आपण टाकी, पिंप, हंडे, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवतो. बायपास म्हणजे पाण्याचा मोठा खाडा. त्या दिवसांत शरीराला जखमा भरायच्या असतात, तापाशी आणि जंतूंशी झगडायचं असतं, खोकायचं असतं, उठून चालायचं असतं. खर्च दुप्पट आणि आवक जवळपास बंद, कारण भूक मेलेली असते आणि झोप उडालेली असते. तेव्हा उपयोगी पडतं ते आधी साठवलेलंच. पाच आठवडे कॉटवर पडून राहणं म्हणजे खाड्याच्या आधी टाकीची तोटी उघडी ठेवणं.

ही तोटी किती जोरात वाहते, हे १९६६ साली अमेरिकेत डॅलसला मोजून पाहिलं गेलं. विशीतल्या पाच धडधाकट मुलांना तीन आठवडे पूर्ण बिछान्यात ठेवलं. जोराचं काम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती त्यांची क्षमता एवढ्यात पाव हिश्शाहून जास्त घसरली. पुढं तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तेव्हा तीस वर्षांच्या वयानं झालेली घसरण त्या तीन आठवड्यांच्या बिछान्यानं केलेल्या घसरणीपेक्षा कमी निघाली. ती तर वीस वर्षांची निरोगी मुलं होती. पासष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाचे स्नायू याहून लवकर जातात.

यावर पहिला प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. नसा बंद आहेत, मग चालून हृदयावर ताण नाही का येणार? येतो. म्हणून सगळा खेळ मापाचा आहे. ज्या श्रमाला छातीत दुखायला किंवा दाटून यायला सुरुवात होते, तो प्रत्येक रुग्णाचा उंबरठा असतो. आपल्याला त्याच्या बरंच अलीकडं राहायचं असतं. चालण्यानं बंद नस उघडत नाही, आणि तसं सांगून कुणी काही विकत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. फायदा होतो तो मुख्यतः पायांमध्ये. सवय झालेले स्नायू रक्तातला प्राणवायू चांगला ओढून घेतात. मग तेच अंतर चालायला हृदयाला कमी ठोके आणि कमी दाब पुरतो. रस्ता अरुंद तो अरुंदच राहतो, पण त्याच कामासाठी त्यावरून पळवाव्या लागणाऱ्या गाड्या कमी होतात.

आणि काही जणांनी खरंच पडून राहायचं असतं. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत छातीत दुखणारे, दुखणं दिवसेंदिवस वाढत चाललेले, नुकताच झटका येऊन गेलेले, पायांवर सूज असून आडवं पडलं की दम लागणारे, ठोके अनियमित होऊन आटोक्यात न आलेले. महाधमनीची झडप फार अरुंद होऊन चक्कर येणाऱ्यांनाही व्यायाम नको. डाव्या मुख्य धमनीत, ज्याला डॉक्टर लेफ्ट मेन म्हणतात, मोठा अडथळा असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जाऊ नये. म्हणून मी आधी फाइल बघते आणि मग सर्जनला किंवा हृदयरोगतज्ज्ञांना फोन करते. हा लेख वाचून कुणी परस्पर चालायला लागू नये. प्रश्न मात्र परस्पर विचारावा: "साहेब, तारखेपर्यंत मी काय काय करू शकतो?" नुसतं 'आराम करू का' असं विचारलं तर उत्तर 'करा' असंच येणार.

अण्णांच्या फाइलमध्ये असं काही नव्हतं. मंद चालीला परवानगी मिळाली. पण आमची सुरुवात चालण्यानं झाली नाही, श्वासापासून झाली.

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात. हृदय थांबवून काम करायचं असेल तर रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात आणि तेवढा वेळ फुफ्फुसं जवळजवळ रिकामी बसतात. पुढचे काही तास श्वास व्हेंटिलेटर देतो. नळी निघाल्यावर स्वतः श्वास घ्यायचा, तर हाड तारेनं बांधलेलं आणि प्रत्येक खोल श्वासाला कळ. माणूस मग वरवर, तोकडा श्वास घेत राहतो. फुफ्फुसाच्या तळाशी असलेले बारीक फुगे हवा न मिळाल्यानं चिकटून बसतात, तिथं कफ साचतो आणि कफात जंतू वाढले की न्यूमोनिया. बायपास उत्तम होऊनही मुक्काम लांबतो, त्यामागं कितीदा तरी हेच असतं.

श्वास ओढण्याचं काम मुख्यतः छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू करतो. स्नायू म्हटला की तो कमावता येतो, दंडासारखाच. नेदरलँड्समध्ये बायपासची वाट पाहणाऱ्या आणि फुफ्फुसाचा त्रास होण्याचा धोका जास्त असलेल्या २७९ रुग्णांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना स्प्रिंगच्या अडथळ्यातून श्वास ओढण्याचा व्यायाम दिला: रोज २० मिनिटं, निदान दोन आठवडे, अडथळा हळूहळू वाढवत. बाकीच्यांना नेहमीची काळजी. ऑपरेशननंतर फुफ्फुसाची गुंतागुंत नेहमीच्या गटात ३५ टक्क्यांना झाली, व्यायामाच्या गटात १८ टक्क्यांना. न्यूमोनिया १६ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर आला. हे निष्कर्ष २००६ साली छापून आले. औषध नाही, सुई नाही, फक्त ओढलेला श्वास. माझ्या कामातला सगळ्यात आवडता आकडा विचाराल तर हाच.

ते स्प्रिंगचं यंत्र वेगळं आणि मेडिकलमध्ये सहज मिळणारं तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर वेगळं. तीन गोळ्यांचं यंत्र स्नायूला तेवढा भार देत नाही. तुम्ही श्वास किती जोमानं ओढलात हे गोळ्या वर उचलून दाखवतं आणि खोल श्वासाची सवय लावतं. ऑपरेशननंतर हेच हातात येणार असतं, म्हणून ते आधी शिकलेलं बरं. ते शिकावं लागतं हे मात्र कुणाला पटत नाही.

अण्णांनी यंत्र तोंडाला लावलं, गाल फुगवले आणि जोरात फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा फुंकलं. नातवाला हसू आवरेना. मी म्हटलं, "अण्णा, फुंकू नका, ओढा." तर म्हणे, "ओढलालोय की ओ मॅडम, तुमचं यंत्रच बिघडलंय." शेवटी सुनेनं उसाच्या रसाच्या गाड्यावरची एक स्ट्रॉ शोधून आणली आणि ग्लासातलं पाणी ओढून दाखवलं. तेव्हा पहिली गोळी वर गेली. दहातले निदान सहा जण पहिल्यांदा फुंकतातच. 'फुगे फुगवा' हा सल्ला ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलेला असतो, त्याचा हा परिणाम असावा.

पद्धत अशी. खुर्चीत ताठ बसायचं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग ओठ नळीभोवती घट्ट मिटून सावकाश ओढायचा. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यात शौर्य नाही. एक किंवा दोन गोळ्या दोन-तीन सेकंद वर तरंगत राहिल्या तर श्वास तळापर्यंत गेला असं समजावं. मग नळी काढायची, निवांत सोडायचं आणि दोन साधे श्वास घेऊन पुढचा. दहा वेळा झालं की थांबायचं आणि दिवसातून चार-पाच वेळा हेच करायचं. घाईनं केलं तर चक्कर येते.

याच्या जोडीला खोकायची तालीम. हसू येईल, पण हाड कापल्यावर खोकायची भीती इतकी बसते की माणसं कफ गिळून टाकतात. दवाखान्यात छातीशी धरायला उशी देतात. माझं मत विचाराल तर उशीपेक्षा आपली सोलापुरी चादर बरी. चार घड्या केल्या की जाड, घट्ट गादी होते, दबत नाही आणि हातांच्या कवेत नीट बसते. ती छातीशी आवळून धरायची, खोल श्वास घ्यायचा आणि दोनदा ठाम खोकायचं. अण्णांच्या घरात चादरींना काय तोटा! मावशींनी ट्रंकेतून नवी कोरी काढायला घेतली, मी दोन-चारदा धुतलेली मऊ मागितली.

आता चालणं. फेब्रुवारी सरला की सोलापूरचं ऊन अंगावर येतं आणि पुढं पारा ४२च्या वर जातो. त्यामुळं चालायचं ते सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर, आणि जेवणानंतर तास-दीड तास सोडून. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण पहिला आठवडा घरासमोरच. दम लागला तर परतायचं अंतर कमी असावं आणि सोबत कुणीतरी असावं. आम्ही पाच मिनिटं चालून बसायचं, असं दिवसातून तीनदा सुरू केलं. दोन-तीन दिवस त्रास नाही झाला की एक-दोन मिनिटं वाढवायची. पहिली काही मिनिटं रमतगमत आणि शेवटची काही मिनिटंही तशीच, मधली जरा बरी. एकदम सुरुवात किंवा एकदम थांबणं अरुंद नसांच्या हृदयाला मानवत नाही.

वेग किती, हे घड्याळ सांगत नाही आणि नाडीही नाही. शहाणे नातेवाईक मनगटावरच्या घड्याळात ठोके बघतात, पण बहुतेक हृदयरुग्णांना नाडी मंदावणारी गोळी, मेटोप्रोलॉल किंवा तिच्यासारखी, चालू असते. कष्ट वाढले तरी ठोके तेवढे चढत नाहीत, आणि ८५ आकडा बघून माणूस गैरसमजात राहतो. म्हणून आम्ही रुग्णालाच विचारतो की किती कष्ट वाटतात. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी यासाठी ६ ते २० अशी पट्टी केली आहे. अण्णांना मी त्या पट्टीऐवजी पंढरीची वाट सांगितली. दिंडीत माणसं अभंग म्हणत चालतात. अभंग म्हणता येतो तोवर चाल सोपी. गाता येत नाही पण गप्पा मारता येतात, ही मधली चाल. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं की ती जास्त. बायपासच्या आधी अभंगाच्या आणि गप्पांच्या मधेच कुठंतरी राहायचं.

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, दाटलं, घाम फुटला तर तिथंच थांबून खाली बसायचं आणि डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी घ्यायची. बसून घ्यायची, कारण तिनं रक्तदाब उतरतो आणि उभा माणूस कोसळू शकतो. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन. थांबलं तरी त्या दिवशी पुढं चालायचं नाही आणि डॉक्टरांना कळवायचं. गोळी घरात शोकेसमध्ये आणि माणूस रस्त्यावर, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता मी आधी खिसाच तपासते.

पायांचं आणखी एक काम असतं, त्याकडं फारसं कुणी बघत नाही. तारेनं बांधलेलं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर हातांनी जोर देऊन उठायचं नसतं, ओढायचं-ढकलायचं नसतं, भरलेली घागर तर नाहीच नाही. आणि आपण दिवसभर उठतो ते हातांच्या आधारानंच: गुडघ्यावर हात, खुर्चीच्या हातावर हात, कॉटच्या कडेवर हात. म्हणून हात छातीवर दुमडून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. अण्णांना पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं, तेही शेवटचं निम्मं. यंत्रमागावर आयुष्य उभं राहून काढलेला माणूस, पण बसून उठायची ताकद दोन आठवड्यांच्या कॉटनं नेली होती. कुशीवर वळून पाय खाली सोडत उठायचं, हेही आधीच घोटून घेतलेलं बरं. जमिनीवर बसून जेवणाऱ्यांनी आणि भारतीय संडास वापरणाऱ्यांनी पुढच्या दोन-तीन महिन्यांची सोय आधीच लावावी. मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, तीही चालते.

चालीचा वेग नुसता बघूनही बरंच कळतं. ७० वर्षांवरच्या १३१ हृदयरुग्णांना ऑपरेशनआधी पाच मीटर चालायला लावलं होतं. ज्यांना सहा सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीची शक्यता सुमारे तिप्पट निघाली. २०१०चा हा अभ्यास वाचल्यापासून रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात मी मनात आकडे मोजत असते. सवयच लागलीय.

खाण्याबद्दल थोडक्यात. बायपास ठरलं की घरात एकदम उपास सुरू होतो: तूप बंद, भात बंद, पिवळं वरण आणि दुधी. या चार-पाच आठवड्यांत वजन उतरवायच्या नादात स्नायू उतरतो. कडक भाकरी, मटकी, डाळ, दही, चालत असतील तर अंडी, हे पोटभर असावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. शेंगाचटणी चमचाभर, कारण अडचण शेंगांची नाही, मिठाची आहे. तंबाखू, बिडी, मिशरी, गुटखा मात्र आजपासून बंद. चार आठवडे आधी सुटलं तर उत्तम, पण दिवस कमी राहिले म्हणून 'आता सोडून काय उपयोग' हे खोटं आहे. मिशरीला व्यसन न मानणाऱ्या आजीबाईंशी माझं भांडण अजून चालूच आहे.

या सगळ्याचं वजन किती, तेही सांगायला हवं. कॅनडात २४९ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २००० साली छापून आला. बायपासच्या आधी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम आणि सोबत माहिती दिली, तर दवाखान्याचा मुक्काम एका दिवसानं घटला. एक दिवस म्हणजे फार वाटत नाही, पण कॉटशेजारी खाली झोपणाऱ्या नातेवाईकाला विचारा. फुफ्फुसांचा त्रास कमी, चालण्याचं अंतर जास्त, मुक्काम थोडा लहान, इतपत आधार आहे. व्यायामानं ऑपरेशनमधले मृत्यू टळतात असं म्हणण्याइतका पुरावा नाही आणि मी तसं सांगतही नाही. शिवाय तातडीचं ऑपरेशन असेल तर हा विषयच येत नाही. तारीख पुढची आहे, तेवढ्यापुरतंच हे.

तारीख पुढची असण्याची कारणंही इथलीच. आताची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. तिच्यामुळं मागावरच्या माणसाला बायपास परवडायला लागलं. कागद, रेशनकार्ड, मंजुरी यांत दिवस जातात म्हणून लोक चिडतात. साखर खाली यायची वाट, दातांची तपासणी, रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची वाट, यांतही दिवस जातात. ते दिवस मी मागून घेते.

एक गोष्ट व्यायामात मोडत नाही, तरी मी ती सांगतेच. शुद्धीवर येताना घशात नळी असेल, बोलता येणार नाही, नळ्या ओढू नयेत म्हणून कदाचित हात मऊ पट्टीनं बांधलेले असतील. हे आधी माहीत असलं की माणूस झटापट करत नाही. अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "खूण कशी करायची?" आम्ही ठरवून टाकलं: एक बोट म्हणजे दुखतंय, दोन म्हणजे तहान.

जायच्या आदल्या दिवशी गेले तेव्हा खुर्चीतून अर्ध्या मिनिटात अकरा वेळा उठले. पिशवी भरायचं चाललं होतं. गंजीफ्रॉक मी बाहेर काढायला लावले, कारण छाती शिवलेली असताना डोक्यावरून काही घालता येत नाही. समोरून बटणं असलेल्या दोन बंड्या शेजारच्या शिंप्याकडून शिवून आल्या होत्या. पायांसाठी मागं पट्टा असलेल्या चपला. स्पायरोमीटर नातवानं परत खोक्यात घालून दिलं. मावशींनी धुतलेली चादर चार घड्या करून वर ठेवली आणि तिच्याखाली आणखी एक सरकवली. मी म्हटलं, एक पुरे. तर म्हणाल्या, "ती त्यांना खोकायला. ही मला खाली अंथरायला."